गुरांच्या डॉक्टरांचा डिसेंबर

धारूरच्या आसपासच्या वस्त्यांवर कुणी शेळीला ‘ए मारते, मारते’ अशी हाक मारताना दिसलं, तर नवल वाटून घेऊ नका. मारता म्हणजे मार्था. त्या भागात एक रिबकाही होती, आणि नामी नावाची एक अतिशय भांडखोर गाय होती. ही सगळी नावं आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांनी ठेवलेली. जनावराचं नाव कळल्याशिवाय ते त्याला हात लावत नसत.

“नाव काय यांचं?” ते विचारायचे.

“शेळीला कसलं नाव, सायेब?” मालक हसायचा.

“मग तुला कावून ठेवलंय? तू काय जास्त दूध देतो का?”

डॉक्टर मग स्वतःच बायबलातलं एखादं नाव काढायचे, शेळीच्या कानाशी जाऊन ते दोनदा म्हणायचे आणि मगच सुई भरायचे. धनगरांच्या तोंडी ती नावं थोडी वाकायची, पण टिकायची.

जनावरांशी ते ‘तुम्ही’ म्हणून बोलायचे आणि माणसांशी ‘तू’. “बसा ताई, घाबरू नका,” असं म्हशीला सांगायचे, आणि त्याच दमात सरपंचाला, “तू तिकडं हो बे, वारा सोड.” मला मात्र ते ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणत. मी शाळेत शिकवते म्हणून. “बाईंना तू म्हणलं की अजून हातावर छडी बसंल आसं वाटतं,” असं त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

आणखी एक खोड होती. समोर येईल त्याच्या डोळ्याची खालची पापणी ते अंगठ्यानं ओढून बघत. शेळीत रक्त कमी आहे का, ते असं बघतात म्हणे. आमचे मिस्टर बीडला नोकरीला होते, शनिवारी यायचे. पहिल्याच शनिवारी जिन्यात दोघांची गाठ पडली. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढली आणि म्हणाले, “फिकट हाय. पालेभाजी खात जा.” मिस्टर वर येऊन बराच वेळ आरशासमोर उभे होते.

मी मूळची घाटनांदूरची. वडिलांचं किराण्याचं दुकान, घरात सोमवार, शिवरात्र सगळं कडक. धारूरला बदली झाली तेव्हा पाच वर्षांच्या ओंकारला घेऊन मी किल्ल्याच्या बाजूला हे घर भाड्यानं घेतलं. वर आम्ही, खाली डॉक्टर आणि त्यांची दोन लेकरं. अंगण एक आणि नळही एक. मी राहायला गेले तेव्हा त्यांच्या मिसेसना जाऊन काही महिने झाले होते. त्या नर्स होत्या, जालन्याकडच्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं. मोठी एस्तेर दुसरीत होती, धाकटा बाबू अजून बालवाडीत. डॉक्टर सकाळी भाकरी थापायचे, त्यांना गोल आकार कधीच यायचा नाही. एस्तेर त्या भाकरीला नकाशा म्हणायची आणि कुठला जिल्हा आहे ते सांगून खायची.

नोव्हेंबर संपत आला होता. एका संध्याकाळी डॉक्टर वर आले. चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“बाई, एक इचारायचं होतं. तुमी वर्षभर लेकरं गुंतवून ठेवता. मला नाताळपर्यंत रोज एक कायतरी सांगा.”

मला कळेना. मग ते पायरीवर बसून सांगू लागले. नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यांच्यात आगमनाचे. येशू येणार म्हणून वाट बघायचे दिवस. त्यांची मिसेस त्या दिवसांत रोज लेकरांबरोबर काहीतरी एक करायची. एक दिवस गाणं, एक दिवस चांदणी, एक दिवस कुणाला तरी करंज्या नेऊन देणं. सगळं ती ठरवायची.

“मी कधी घरी नसायचो. फोन आला की निघालो. आज एस्तेर म्हणली, पप्पा, रविवारपासून काय काय करायचं? मी तिलाच इचारलं, मम्मी काय करायची? तर तिला निम्मंच आठवतंय. आता निम्म्याचं काय करू?”

मी उत्साहानं सांगायला लागले. पुठ्ठ्याचं झाड, त्यावर कापूस चिकटवून बर्फ, रंगीत कागदाच्या साखळ्या. शाळेत आम्ही तेच करतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बर्फ कुणी बघितलाय इथं? आमचा येशू गोठ्यात जन्मला, आईस्क्रीमच्या दुकानात न्हाई. आन कापूस चिकटवायचा कशाला? कापूस येचायला नेतो की.”

त्यांनी खरंच नेलं. ओळखीच्या शेतकऱ्याकडं दुसरी वेचणी चालू होती. वेचलेला कापूस टाकायला तिन्ही पोरांच्या गळ्यात ओट्या बांधल्या. माझा ओंकारही गेला, कारण तोपर्यंत तो खालीच राहायला लागला होता म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी पोरं बोटं ओरबाडून आली आणि प्रत्येकाला मूठभर सरकीसकट कापूस मिळाला होता. त्याच्या वाती वळून त्यांनी माझ्या देव्हाऱ्यासाठी आणून दिल्या. “हे आमच्याकडून तुमच्या देवाला,” एस्तेर म्हणाली. नाताळाच्या त्या दिवसांत माझ्या घरचा दिवा त्याच वातींवर लागत होता, हे मी घाटनांदूरला आईला सांगितलं नाही. पण मला ते आवडलं होतं.

चार रविवारी चार मेणबत्त्या एका हिरव्या चक्रावर लावायच्या असतात. चक्र कुठून आणणार? डॉक्टरांनी घरमालकीणबाईंची जुनी चुंबळ मागून घेतली, डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात ती. तिला कडुलिंबाच्या डहाळ्या गुंडाळल्या आणि चार मेणबत्त्या उभ्या केल्या. पहिल्या रविवारी एक पेटवली. डॉक्टरांनी मोडक्या सुरात गाणं म्हटलं, एस्तेरनं ते मध्येच थांबवून बरोबर सुरात म्हटलं. बाबू म्हणाला, “मम्मी फुंकर मारू द्यायची.” एस्तेर म्हणाली, “न्हाई द्यायची.” दोघांची त्यावर मारामारी झाली आणि पहिला रविवार रडारडीत संपला. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, “बाई, हे गाभण म्हशीपेक्षा अवघड हाय.”

त्यांचे सगळे बेत जमायचे असं अजिबात नाही. एका दिवशी कुणीच बोलायचं नाही असं ठरलं. देवदूतानं जखऱ्याला मुकं केलं होतं, ती गोष्ट पोरांना कळावी म्हणून. सकाळी पोरं आनंदानं खुणा करत होती. मग एका माणसाचा फोन आला, त्याचा बैल पोट फुगून पडला होता. डॉक्टर फोन कानाला लावून नुसते ‘हूं, हूं’ करत राहिले. तो माणूस घाबरून ओरडायला लागला. शेवटी एस्तेरनंच बापाच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, “काका, पप्पा येतेत. बैलाला चालवत ऱ्हावा.” डॉक्टर तेवढ्यात चपला घालून निघालेसुद्धा होते.

पण काही दिवस असे होते की मी शिक्षिका असून मला ते सुचले नसते. एकदा त्यांनी पोरांना दवाखान्यात नेलं. तिथं जनावरांसाठी सिमेंटची गव्हाण होती. पोरांनी आतला जुना कुजका चारा काढला, पाणी टाकून घासली, उन्हात सुकू दिली आणि नवा कडबा घातला. मी शाळा सुटल्यावर ओंकारला आणायला गेले, तर बाबू त्या गव्हाणीत आडवा झोपलेला.

“टोचतंय, पप्पा.”

“टोचतंच. त्या बाळाला पण टोचलं आसंल.”

“मग त्याच्या आईनं गादी का न्हाई घातली?”

“तिच्याजवळ जे होतं त्यातच निजवलं तिनं.”

बाबू उठला आणि स्वतःचा स्वेटर काढून कडब्यावर पसरून ठेवला. घरी येताना तो कुडकुडत होता, पण स्वेटर परत घ्यायला तयार नव्हता. डॉक्टरांनी त्याला आपल्या शर्टाच्या आत घेतलं, वरून बटणं लावली आणि तसंच मोटारसायकलवर आणलं. स्वेटर ते दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

दुसरा एक दिवस तांड्याच्या वाटेवरच्या एका म्हातारीचा. तिची लेक, जावई, नातवंडं सगळे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. घरात ती आणि एक शेळी. डिसेंबरात आमच्याकडच्या कितीतरी घरांचं असंच असतं. त्या दिवशीचं काम एवढंच होतं की तिच्यापाशी जाऊन बसायचं. मीही गेले होते. पोरांना वाटलं काहीतरी नेऊन द्यायचं असेल. डॉक्टर म्हणाले, “न्हाई. नुसतं बसायचं. देऊन पळून जाणं सोपं असतं.”

म्हातारीनं शेंगा भाजल्या. फोलपटांचा ढीग वाढत गेला. एस्तेरनं विचारलं, “आजी, तुमची माणसं कधी येणार?”

“पाडव्याला येतेली. लई लांब हाय अजून.”

“आमची मम्मी पाडव्याला पण न्हाई येणार.”

म्हातारीनं हातातली शेंग तशीच धरली. मग एस्तेरला जवळ ओढून तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. ती बांधून झाली तरी पुन्हा सोडून पुन्हा बांधत राहिली. डॉक्टर शेळीच्या खुरांकडं बघत बसले होते. त्या खुरांना काहीही झालेलं नव्हतं.

उद्या काय, ते मात्र कुणालाही सांगायचे नाहीत. ओंकार त्यांच्या मागं लागायचा, “काका, उद्याचं सांगा ना, एकच सांगा.” तेव्हा ते म्हणायचे, “गाभण जनावराला तारीख इचारायची नसती. त्याच्याजवळ बसायचं असतं.” मला आधी वाटायचं, बेत त्यांचा त्यांनाच माहीत नसतो, म्हणून असं बोलतात. अर्धं तसंही असेल. पण शाळेतून येताना मला ते किल्ल्याच्या वळणावर मोटारसायकल थांबवून एकटेच बसलेले दिसायचे. मी विचारलं, की म्हणायचे, “उद्याचं जुळवतोय.”

या सगळ्यावर एक सावली होती. जालन्याच्या त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं की नाताळ झाला की लेकरं मी नेते. फिरतीच्या माणसाला दोन लेकरं सांभाळणं जमत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी फोनवर फक्त “बरं” म्हटलं होतं. मला वाटे, हा माणूस रोज एवढा आटापिटा करतोय तो सासूबाईंना दाखवायला, की बघा, मला जमतं. मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूनं लढत होते.

आणि सासूबाई आल्या त्या नाताळाच्या चार दिवस आधीच, न कळवता. दुपारी रिक्षातून उतरल्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात केवढी तरी पिशवी. खाली कुलूप. मी त्यांना वर बसवलं, चहा केला.

“लेकरं कुठं हायत?”

मला खोटं बोलता येईना. “डॉक्टरांबरोबर मेंढवाड्यावर गेलीत. शेळी अडलीय.”

“शेळी अडली तिथं लेकरांचं काय काम?”

“आजचं... आजचं तेच आहे,” मी म्हणाले, आणि माझं मलाच ते विचित्र वाटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

दिवस मावळताना मोटारसायकल आली. तिघं उतरले, ओंकारला मी त्या दिवशी पाठवलं नव्हतं. तिघांच्याही अंगाला शेळीचा वास, आणि बाबूच्या स्वेटरच्या बाहीवर रक्ताचा मोठा डाग. आजी जिन्यावरून उतरल्या आणि तो डाग बघून जागीच थांबल्या.

“ह्याच्यासाठीच म्हणते मी! हे काय लेकरांना दाखवायचं असतं? आईविना लेकरं ही, आन तुमी त्यांना...”

डॉक्टर खाली मान घालून गाडीला अडकवलेली बॅग सोडत राहिले. एस्तेर पुढं झाली.

“आजी, रिबकाला दोन करडं झाली. एक मेलेलंच होतं.”

“पप्पानं त्याला पाय धरून झुलवलं, तरी न्हाई उठलं,” बाबू सांगू लागला. “मग जित्याला पुसलं. मग मेलेल्याला पण पुसलं. नाक पुसलं, कान पुसले. मी धरलतं त्याला. मी म्हणलं, मेलेल्याला कावून पुसायचं? पप्पा म्हणले, ते पण आलतंच की.”

बाबूनं वर मान करून विचारलं, “आजी, मम्मीला पण पुसलतं का कुणी?”

नंतर मला कळलं, की आई गेली तेव्हा दोन्ही लेकरांना शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. सगळं आटोपल्यावर त्यांना आणलं. त्याबद्दल त्यांच्याशी कधी कुणी काही बोललं नव्हतं, बापही नाही आणि आजीही नाही.

आजी खाली बसल्या. तशाच, धुळीत. त्यांनी बाबूचा तो रक्ताळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मी पुसलं बाळा. मी. कोमट पाण्यानं. केस पण विंचरले तिचे.”

“वेणी घातली?” एस्तेरनं विचारलं.

“घातली. तिला आवडायची तशी. सैल.”

एस्तेरनं मान हलवली, जणू बरेच दिवस अडलेलं एक उत्तर मिळालं होतं. मग ती आजीच्या मांडीत शिरली आणि रडायला लागली. तिला आईसाठी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाबू तिच्याकडं बघून रडला. डॉक्टर बॅग हातात घेऊन तसेच उभे. मी जिना चढून वर आले आणि दार लोटून घेतलं.

नाताळापर्यंतचे उरलेले दिवस आजींनीच ठरवले. म्हणजे ठरवायच्या त्या, आणि डॉक्टर त्यात बदल सुचवून बोलणी खायचे. मिसेस रोज जे करायच्या, ते मुळात आजींकडूनच आलं होतं, हे तेव्हा उलगडलं. एस्तेरला न आठवणारं निम्मं आजींना पाठ होतं. त्यांनी बांबूच्या कामट्यांची चांदणी करायला लावली. डॉक्टरांनी गुरांना बांधायच्या सुतळीनं तिचे कोपरे इतके घट्ट आवळले की ती चांदणी थोडी बैलाच्या शिंगांसारखी दिसायची. आजी म्हणाल्या, “हे काय केलं?” डॉक्टर म्हणाले, “सुटायची न्हाई पण.” ती अंगणातल्या तारेवर टांगली, आत दिवा सोडला. नाताळाच्या दिवशी सगळे सकाळी उपासनेला जाऊन आले, आणि दुपारी आमच्याकडं ताटभर करंज्या आल्या. डॉक्टरांनी लाटलेल्या कुठल्या ते लगेच ओळखू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ताट परत द्यायला खाली गेले. रिकामं देऊ नये म्हणून त्यात पोहे घातले होते. आजी लेकरांना घेऊन नळावर होत्या. डॉक्टर आतल्या खोलीत चटईवर बसून एका बॅगेत लेकरांचे कपडे भरत होते. इस्त्री केल्यासारख्या घड्या घातल्या होत्या.

“डॉक्टर, हे काय?”

“आज निघतील ना.”

“तुम्ही काही बोलणार नाही? महिनाभर एवढं सगळं केलंत ते कशासाठी मग? त्यांनी इथं राहावं म्हणूनच ना?”

त्यांनी माझ्याकडं खऱ्या आश्चर्यानं पाहिलं.

“न्हाई बाई. मी तर पहिल्या दिवसापासून पाठवायचंच धरून चाललोय. सासूबाईंचं खरं हाय. मला बोलावणं आलं की मी जातो, मागं लेकरं कुलपात. ह्यांच्या आईकडचं लई हाय ह्यांच्यापाशी. माझ्याकडचं काहीच नव्हतं. मी घरी होतो कधी? म्हणलं, जायच्या आधी माझ्याकडचं जेवढं हाय, तेवढं देऊन टाकावं. जालन्यात ह्यांना शेळी कोण दाखवणार?” त्यांनी बाबूचा धुतलेला स्वेटर हातात घेतला. बाहीवरचा डाग पुसट दिसत होता. “हे गेलं न्हाई. राहू दे म्हणलं.”

हातातलं ताट मी तसंच धरून उभी होते, तेवढ्यात आजी पदराला हात पुसत आत आल्या. त्यांनी बॅग पाहिली, घड्या पाहिल्या.

“हे कुणी भरायला सांगितलं?”

“तुमीच म्हणलं होतं, नाताळ झाला की...”

“ते तवा म्हणले होते. आता म्हणले का?”

आजी खाली बसल्या, गुडघ्यावर हात टेकत, कण्हत. त्यांनी बॅगेतला एकेक कपडा काढला, झटकला आणि परत खुंटीवर आणि फडताळात ठेवायला लागल्या. एस्तेरचा गणवेश, बाबूची चड्डी, टोपी. स्वेटर डॉक्टरांच्या हातातून ओढून घेतला. त्यांना मदत करायला कुणी पुढं होईना, आणि त्यांनाही ती नको होती. बॅग रिकामी झाली तशी त्यांनी ती पलंग नसलेल्या त्या खोलीच्या कोपऱ्यात भिरकावली.

“बसून काय राहिलात नुसते?” जावयाकडं न बघताच त्या म्हणाल्या. “मला एक खाट लागंल. ह्या वयात खाली बसवत न्हाई मला, आन रोज-रोज उठवत तर मुळीच न्हाई.”

डॉक्टर “बरं” म्हणाले आणि बाहेर गेले. मी पोह्यांचं ताट चुलीपाशी ठेवलं आणि मागोमाग वर आले.

वरून अंगण दिसतं. डॉक्टर मोटारसायकलवर बसले होते आणि किक मारत होते. गाडी चालू होईना. ते पुन्हा मारत, पुन्हा मारत. पोरं नळ सोडून बघत उभी राहिली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर गाडीला किल्लीच लावलेली नव्हती.

“डॉक्टर,” मी हाक मारली, “किल्ली.”

त्यांनी मान हलवली, पण वर बघितलं नाही. पाय किकवर ठेवून, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून ते तसेच बसून राहिले. मग बाबू ओल्या पायांनी पळत आत गेला आणि किल्ली घेऊन आला.